साडेसहाशे शब्द

सावनीला एक संकट हवंय,
साडेसहाशे शब्दांत मावेल असं,
आणि उद्या रात्री बाराच्या आत.

कौन्सेलर बाईंनी सांगितलंय,
कुठे अडलीस, मग काय केलंस, ते लिही.
चारशे मुलांमागे एक मिसेस कोवाल्स्की,
त्या आमच्या मुलीला अजून सवाना म्हणतात.

बाकी सगळं फाइलमध्ये आहे, नववीपासूनचं.
फूड बँकेतले एकशेवीस तास,
वाटाण्याचे डबे तारखांप्रमाणे लावण्यात गेलेले.
दहावीत केमिस्ट्री आली आणि व्हायोलिन कपाटावर गेलं.
परीक्षेच्या शनिवारी
मी कॅल्क्युलेटरचे सेल पहाटे दोनदा बदलले.
"बाबा, परीक्षा लॅपटॉपवर असते,
कॅल्क्युलेटर त्याच्या आतच असतो."

टपालातून कॉलेजांची गुळगुळीत पत्रकं येत राहतात.
प्रत्येकावर तेच लालपिवळं झाड,
हिरवळीवर तेच चौघे हसणारे.
वृंदा ती भाजी निवडायला घेते.
मेथीचे देठ पडतात
मोठमोठ्या विद्यापीठांवर.

तर संकट.
मी सुचवून पाहिलं :
आजोबा गेले तेव्हा तिकीट मिळालं नव्हतं.
"ते तुझं दुःख आहे, बाबा."
हायवेवर बर्फात अडकलो होतो, चार तास, पेट्रोल संपत आलेलं...
"टोलेडोत त्याला मंगळवार म्हणतात."

मग मी गप्प बसलो.
एक होतं माझ्याकडे,
पण ते कुणाला द्यायचं नव्हतं.

बेल वाजली. दारात दोन फुटांचा डायनासोर,
मागे फुटपाथवर त्याची थंडीनं कुडकुडणारी आई.
त्याच्या पिशवीत मूठभर चॉकलेटं टाकून आलो
तर सावनीनं स्क्रीन माझ्याकडे वळवलेला.
"वाच. रागावू नकोस."

नोकरी गेल्यावर माझे बाबा पाच महिने
रोज सकाळी आठला इस्त्रीचा निळा शर्ट घालून निघायचे
आणि लायब्ररीच्या पार्किंगमध्ये, गाडीत बसून
डबा खायचे.

अडीचला सुटलेली सातवीची बस
त्या सिग्नलला थांबायची.
आणि मी डबा उशिराच उघडायचो,
तेवढाच वेळ जातो म्हणून.

तिनं पाहिलं होतं. एकदा नाही.
मला दिसू नये म्हणून
सीटवर खाली वाकायची, असं लिहिलंय.
आणि संध्याकाळी विचारायची, कसा होता दिवस?
मी सांगायचो. मीटिंगा सांगायचो.
माणसांची नावंसुद्धा घ्यायचो.

मी वृंदाकडे पाहिलं.
ती मेथीतून मान वर काढेना,
तेव्हा तेही कळलं.

"पाठवू?"
हो म्हणता येईना, नाही म्हणता येईना.
विचारलं, शब्द किती झाले?
सातशे दोन.

मग बसलो दोघं, बावन्न शब्द काढायला.
'खूप' गेलं, सगळीकडचं.
'शूर' मी काढलं, माझ्याबद्दल होतं.
'बिचारे' तिनं काढलं, न सांगता.
हवामान गेलं, गाडीचा मेक गेला,
गिअरबॉक्सच्या कंपनीचं नाव गेलं,
ते जाताना मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.
म्हटलं, निळा काढ, शर्ट पांढरा होता.
"निळा होता."
पांढराच गं, मला माहीत आहे.
"तू आत होतास, बाबा. मी बाहेरून बघत होते."
निळा राहिला.

सहाशे पन्नास. बरोबर सहाशे पन्नास.
फक्त 'डबा' तिनं इंग्रजी अक्षरांत तसाच ठेवलेला,
आणि त्याच्याखाली मशीननं ओढलेली
लाल, नागमोडी रेघ.
म्हटलं, लंच बॉक्स लिही, त्यांना कळायला हवं.
"त्याचे दोन शब्द होतात."

बेल पुन्हा वाजली.
चॉकलेटं संपली होती.
वृंदा हात पुसत उठली
आणि फ्रिजमधली संत्री घेऊन दाराकडे गेली.